शाळेच्या वेळापत्रकासाठी मोफत साधन आहे, ते वापरा

मा. संपादक, स. न. वि. वि.

जून जवळ आला की शाळाशाळांतून कुणीतरी एक शिक्षक वेळापत्रकाला जुंपला जातो. आमच्या शाळेत ते काम माझ्याकडे आहे. तुकड्या १८, प्रयोगशाळा एक, मैदान एक. चित्रकलेचे सर आठवड्यातून तीनच दिवस, कारण ते संस्थेच्या दुसऱ्या शाखेतही शिकवतात. एक तास हलवला की चार हलतात.

गूगलच्या ‘ओआर-टूल्स’ या मोफत, मुक्तस्रोत लायब्ररीत (म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचात) ‘सीपी-सॅट’ नावाचा सॉल्व्हर, म्हणजे अटी पाळून उत्तर शोधणारा प्रोग्रॅम आहे. वर्तमानपत्रातले सुडोकू तो क्षणात सोडवतो, आणि वेळापत्रक हे त्याच जातीचे कोडे. बुधवारी तिसऱ्या तासाला या बाई आठवी ‘ब’वर आहेत का? हो असेल तर १, नाही तर ०. अशी हजारो चले मांडायची आणि पायथॉन या संगणकीय भाषेत अटी लिहायच्या. एका तासाला एक शिक्षक फार तर एकाच वर्गावर, ही अट एका ओळीत बसते. ‘शक्यतो’च्या अटी मोडल्या तर किती गुणांचा दंड, ते ठरवायचे; एकूण दंड कमीत कमी राहील असे वेळापत्रक तो शोधतो. तान्हे बाळ असलेल्या शिक्षिकेला पहिला तास नको, या अटीचा दंड मी सर्वांत जड ठेवला आहे.

त्याचा नकारही मोलाचा. दहावीच्या सर्व तुकड्यांची प्रात्यक्षिके मधल्या सुट्टीआधीच हवीत, असा आग्रह होता. उत्तर आले ‘इन्फिजिबल’, म्हणजे या सगळ्या अटी पाळणारे वेळापत्रक असूच शकत नाही. (नुसता वेळ अपुरा पडला तर तो ‘अननोन’ म्हणतो.) कोणती अट सैल करायची, एवढेच मग मुख्याध्यापकांनी ठरवायचे उरले.

खरा प्रश्न तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा आहे. त्यांना मानधन शिकवलेल्या तासांचेच. पहिला तास घेऊन सहाव्याची वाट बघत बसायचे, त्याचा एक पैसा नाही. हाताने मांडताना ज्येष्ठांची सोय आधी लागते आणि उरलेसुरले तास यांच्या वाट्याला येतात. त्यांचे तास सलग यावेत, हीसुद्धा एक अटच आहे, आणि ती लिहिता येते.

शिक्षण विभागाने मराठी सूचनांसह एक नमुना प्रोग्रॅम तयार करून शाळांना द्यावा. एकदा बसवला की तो साध्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवायही चालतो. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. निदान तिथे यंदाच सुरुवात करता येईल.

– एक गणित शिक्षिका, मिरज