गाठीतला ल्युकेमिया : रेसिडेंट मुलीला पत्र

चि. मुग्धास,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, म्हटलं की बोन मॅरो (हाडातला मगज) बघायचा, मग सायटोलॉजीच्या, म्हणजे सुट्या पेशी तपासण्याच्या, टेबलावर त्याचं काय काम? घाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ल्युकेमियाच्या पेशी मॅरोत असतात हे खरं, पण त्या तिथेच थांबतील असं नाही. लिम्फ नोड, कातडी, डोळ्याची खोबण, वृषण, फुफ्फुसाभोवतीचं पाणी, मणक्यातलं पाणी, कुठेही त्या ठाण मांडतात. मायलॉइड सार्कोमात, म्हणजे मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींची मॅरोबाहेर गाठ होते त्यात, तर कधी कधी गाठच आधी येते आणि रक्त, मॅरो दोन्ही स्वच्छ असतात. अशा पेशंटचा आजार सगळ्यात आधी तुझ्याच मायक्रोस्कोपखाली येणार. अ‍ॅलन बर्न्स यांनी 1811 मध्ये या हिरवट गाठींचं वर्णन केलं, पण त्यांचा ल्युकेमियाशी संबंध लक्षात यायला 1893 उजाडलं.

समज, मानेतल्या गाठीत सुई घातलीस. जिम्सा स्टेनच्या स्लाइडवर पेशी सुट्या सुट्या, एकमेकींना न चिकटलेल्या. मनात पहिला शब्द येतो लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर. येऊ दे, पण लगेच लिहू नकोस. हाय पॉवरवर जा. न्यूक्लियसला घडी पडल्यासारखी दिसते का? क्रोमॅटिन अगदी बारीक आहे का? सायटोप्लाझममध्ये गुलाबी-जांभळे दाणे आहेत का? मधूनच एखादा इओसिनोफिलिक मायलोसाइट डोकावतो का? ऑअर रॉड, म्हणजे सायटोप्लाझममधली लालसर काडी, सापडला तर नशीबच, बहुतेकदा सापडत नाही. पॅप स्टेनवर हे दाणे नीट दिसत नाहीत, म्हणून हवेत वाळवलेली एक तरी स्लाइड हवीच हवी.

शंका आली की पेशंट उठायच्या आत आणखी एकदा सुई घाल. थोडं मटेरियल फ्लो सायटोमेट्रीला (सुट्या पेशींवरच्या खुणा मोजायला), थोडं सेल ब्लॉकला (पेशी मेणात बसवून काप घ्यायला). फ्लोचा नमुना चुकूनही फॉर्मॅलिनमध्ये टाकू नकोस. मायलोपेरॉक्सिडेज, लायसोझाइम, सीडी 117 या मायलॉइड पेशींच्या खुणा मागव. सीडी 43 पॉझिटिव्ह आणि सीडी 3, सीडी 20 या लिम्फोसाइटच्या खुणा दोन्ही निगेटिव्ह आल्या, तर मायलॉइडचा विचार झालाच पाहिजे. मी एवढी मागे लागते कारण लिम्फोमाची आणि एएमएलची (अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाची) केमोथेरपी वेगळी आहे. नुसती गाठ काढून पेशंटला घरी पाठवलं, तर बहुतेकांना काही महिन्यांत एएमएल होतो.

आता मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम सांगते. लहान मूल, छातीत मोठी गाठ, श्वासनलिका दबलेली, आडवं केलं की धाप लागते. अशा मुलाला बायोप्सीसाठी भूल देणं जिवावर बेतू शकतं. पण फुफ्फुसाभोवती पाणी साचलं असेल, तर बसल्या जागी सुईने ते काढता येतं. सायटोस्पिनवर (पाणी यंत्रात फिरवून पेशी बसवलेल्या स्लाइडवर) ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, दिसले, फ्लोवर टी-लिम्फोब्लास्टिक आजाराच्या खुणा मिळाल्या, की निदान झालं. मुलाला टेबलावर घ्यावंच लागत नाही. फक्त स्टेरॉइडच्या आधी नमुना मिळायला हवा, कारण या पेशी स्टेरॉइडने भराभर मरतात. मुलाची अवस्था थांबण्यासारखी नसेल तर अर्थातच उपचार आधी.

मणक्यातल्या पाण्याला तर क्षणाचाही उशीर चालत नाही. त्यातल्या पेशी फार लवकर फुटतात, म्हणून नमुना आला की हातातलं काम बाजूला ठेव. पांढऱ्या पेशींचा काउंट मायक्रोलिटरला पाचच्या आत आहे म्हणून सायटोस्पिन न बघता सोडू नकोस. एएलएलच्या (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या) मुलात तेवढ्यातही ब्लास्ट असू शकतात, आणि असले तर त्याची नोंद वेगळी होते, उपचारही बदलू शकतात. सुई टोचताना रक्त मिसळलं असेल तर ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही, कारण ब्लास्ट त्या रक्तातूनही आलेले असू शकतात.

आणि हो, असा रिपोर्ट नुसता टाइप करून पाठवू नकोस. वॉर्डात फोन कर, पेरिफेरल स्मिअर (रक्ताची स्लाइड) कोणी बघितला आहे का विचार, नसेल तर मागवून स्वतः बघ. वृषणाच्या नमुन्यांचं तू घरी आलीस की सांगेन, माझ्याकडच्या स्लाइड्स समोर ठेवूनच ते बोलायला हवं.

तुझी,
आई