तासाभराचे काम, पंधरा दिवसांचा दाखला : विभागीय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर विभाग

विषय : तहसील कार्यालयांतील दाखल्यांच्या कामाला लीन पद्धत लावण्याबाबत

महोदय,

उत्पन्नाच्या दाखल्याचा एक अर्ज घ्यावा आणि त्याच्यावर प्रत्यक्ष किती वेळ माणसाचा हात पडतो ते घड्याळ लावून मोजावे. सेतूत ऑपरेटर अर्ज भरतो आणि कागद स्कॅन करतो, त्यात साधारण वीस मिनिटे जातात. तहसीलमधला महसूल सहायक पाच मिनिटांत तपासतो. तलाठ्याच्या अहवालाला दहा-पंधरा मिनिटे लागतात (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात). नायब तहसीलदारांची नजर आणि तहसीलदारांची डिजिटल सही धरली तर आणखी तीन-चार मिनिटे. एखाद्या तालुक्यात हे थोडे इकडे-तिकडे होईल, पण बेरीज तासाच्या वर जात नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या दाखल्याची मुदत १५ दिवस आहे. उरलेला सगळा काळ अर्ज दोन टेबलांच्या मध्ये पडून असतो.

या पडून राहण्यावर कोणी बोलत नाही. बोलले जाते ते कर्मचारी कमी असण्यावर, सर्व्हर बंद पडण्यावर आणि तलाठी जागेवर नसण्यावर. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण माणसे वाढवली आणि सर्व्हर सुधारला तरी टेबलावरच्या एका तासाचा पाऊण तास होईल, मधले चौदा दिवस तसेच राहतील. लीन पद्धत म्हणजे कामातून वाया जाणारा वेळ आणि श्रम शोधून काढून टाकणे. तिचे सगळे लक्ष या मधल्या दिवसांवर असते.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या वाहन उद्योगाच्या कारखान्यांत हे शब्द नवे नाहीत. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार मांडले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, वाहतूक, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि दोष. तहसीलमध्ये सातही सापडतात, फक्त ते लोखंडाचे नसून कागदाचे असल्याने डोळ्यांत भरत नाहीत. तलाठ्याचा अहवाल हातात घेऊन अर्जदाराने स्वतः तालुक्याला जाणे ही वाहतूक. किनवट किंवा आष्टीच्या एका टोकाच्या गावातून हे करायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे जाण्या-येण्याचे भाडे वेगळे. तीच माहिती आधी कागदावर आणि मग पोर्टलवर भरणे ही जास्तीची प्रक्रिया. कारखान्यातला सुपरवायझर विचारतो, माल कुठे अडकला? आपल्याकडे आढावा बैठकीत विचारतात, कोणामुळे अडकला? या प्रश्नाचे उत्तर म्हणून नोटीस निघते आणि अर्ज होता तिथेच राहतो.

परदेशी नावाची अडचण वाटत असेल तर घरचेच उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची फेररचना केली आणि सहा गठ्ठे पद्धत राज्यभर ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. चालू प्रकरणे वेगळी, प्रतीक्षेतली वेगळी, अभिलेख कक्षात पाठवायची वेगळी, नष्ट करायची वेगळी, असे सहा गठ्ठे. टेबलावर नेमके काय पडून आहे ते दिसले पाहिजे, हेच त्याचे मर्म होते. पुढे झिरो पेंडन्सी मोहीमही आली. तिने ढीग उपसले, पण ढीग ज्या कारणांनी साचतो ती कारणे जागची हलली नाहीत. म्हणून पुन्हा तशीच मोहीम काढू नये, अशी आमची विनंती आहे.

आता हिशेब. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सोपा आहे : शिल्लक अर्ज म्हणजे रोज निघणारे अर्ज गुणिले एका अर्जाला लागणारे दिवस. समजा, एका तहसीलमध्ये रोज १२० दाखले निघतात आणि १,८०० अर्ज शिल्लक आहेत. मग आज आलेल्या अर्जाला १५ दिवस लागणारच, त्यावर कितीही शिक्के मारले तरी. जूनमध्ये आवक २०० झाली आणि निकाली १२० वरच राहिली, तर ढीग रोज ८० ने वाढतो. कामाच्या वीस दिवसांत त्यात १,६०० ची भर पडून तो ३,४०० होतो आणि नव्या अर्जदाराला २८ दिवस लागतात. कायदा मोडायला कोणी आळशी असावे लागत नाही. याच नियमाची उलटी बाजू कामाची आहे. दाखला तीन दिवसांत द्यायचा असेल तर शिल्लक ३६० च्या वर जाऊ द्यायची नाही. ३६० ओलांडले की त्याच दिवशी, महिनाअखेरच्या बैठकीची वाट न पाहता, दुसऱ्या शाखेतला प्रशिक्षित सहायक दोन तासांसाठी दाखल्यांच्या टेबलावर बसवायचा. त्यासाठी प्रत्येक तहसीलमध्ये किमान दोन जणांना हे काम आधीच शिकवलेले असले पाहिजे.

तलाठ्याच्या टप्प्याचे गणित आणखी कठोर आहे. अनियमित आवक आणि एकच टेबल धरले तर रांगशास्त्राच्या सर्वांत साध्या मांडणीत, टेबल ८० टक्के भरलेले असताना रांगेतली सरासरी वाट एका कामाच्या वेळेच्या ४ पट असते. ९५ टक्के भरले की ती १९ पट होते. काम वाढले १९ टक्क्यांच्या आसपास, वाट झाली जवळपास पाचपट. दोन-तीन सजांचा (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रांचा) अतिरिक्त कार्यभार, पीक पाहणी, अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणुकीचे काम, हे सगळे ज्याच्या डोक्यावर आहे तो माणूस ९५ च्याही पुढे असतो. तिथे दट्ट्या लावून काही होत नाही, त्याच्याकडे जाणारे अर्ज कमी करावे लागतात. पगारदाराकडे फॉर्म १६ आहे, प्राप्तिकर विवरणपत्र आहे. मग त्याचा अर्ज तलाठ्याकडे जातोच कशाला? असे अर्ज सेतूच्या खिडकीवरच वेगळे काढावेत आणि थेट तपासणीला पाठवावेत. तलाठ्याकडे फक्त शेती, मजुरी आणि छोट्या धंद्याच्या उत्पन्नाचे अर्ज जावेत. २०१५ मध्येच शासनाने स्वयंघोषणा आणि स्वयंसाक्षांकन मान्य केले आहे. तरी ‘असू द्या एक जास्तीचा कागद’ ही सवय गेलेली नाही, आणि त्या एका कागदापायी माणूस पुन्हा गावाला जातो.

सर्वांत जास्त वेळ मात्र त्रुटीत जातो. आधारवर एक नाव, टीसीवर दुसरे, शिधापत्रिकेवर वडिलांचे नाव अर्धे. सातबारा सामाईक, त्यात सहा खातेदार, मग उत्पन्न कोणाचे किती धरायचे? फाइलची मर्यादा पाळायला स्कॅन इतका दाबलेला की अक्षर लागत नाही. या चुका अर्ज भरतानाच दिसतात, पण पकडल्या जातात बाराव्या-चौदाव्या दिवशी, कारण तपासणीच तेव्हा होते. मग अर्ज त्रुटीत जातो किंवा नामंजूर होतो. नव्याने भरला की नवा क्रमांक, नवी मुदत. मासिक अहवालात पहिला अर्ज निकाली आणि दुसरा मुदतीत! अहवाल हिरवागार दिसतो आणि मुलीची प्रवेशाची फेरी निघून जाते. हे कोणी मुद्दाम करते असे आम्ही म्हणत नाही. पण मोजमाप असे ठेवले की माणसे तशी वागायला लागतात.

टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांच्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. दोष जिथे उपजला तिथेच थांबायचे, पुढे जाऊ द्यायचा नाही. पैठणच्या विणकराला हे वेगळे शिकवावे लागणार नाही. दाखल्यात याचा अर्थ असा : तपासणी सेतूच्या खिडकीवर, अर्जदार समोर उभा असताना. प्रत्येक दाखल्यासाठी एक पान, त्यावर मोठ्या अक्षरात लागणारे कागद आणि प्रत्येक कागदावर नेमके काय पाहायचे. स्कॅन केल्यावर ऑपरेटरने नाव आणि रक्कम पडद्यावर वाचून दाखवायची. वाचता आली नाही तर तिथेच पुन्हा स्कॅन. नावात फरक असेल तर त्याच वेळी स्वयंघोषणा जोडायची. हे पान विभागातल्या सर्व ७६ तालुक्यांत एकच असावे. आज एका तालुक्यात चालणारा कागद शेजारच्या तालुक्यात चालत नाही, आणि त्या गोंधळावर बाहेरच्या एजंटाचे पोट चालते.

सहीचा टप्पा छोटा आहे. दौरा, सुनावणी, व्हीसी आटोपून साहेब संध्याकाळी डिजिटल सहीचे डोंगल लावतात आणि दोनशे अर्ज एकदम उघडतात. त्या घाईत तपासणी नावापुरती होते. सकाळी ११ आणि दुपारी ४, अर्धा-अर्धा तास, त्या वेळात बैठक नाही. एवढे पुरते.

जातीच्या दाखल्याचे दुखणे निराळे आहे. ४५ दिवसांची मुदत मुख्यतः पुरावा शोधण्यात जाते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुने कागद उर्दूत, काही मोडी लिपीत, आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या काळातले महसुली साल. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. हा फरक माहीत नसलेला सहायक चांगला पुरावाही परत करतो. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने जिल्ह्यांनी जुनी दप्तरे उघडली, मोडी-उर्दू जाणणारे बसवले, नोंदी स्कॅन केल्या. तीच मेहनत सर्व समाजांच्या नोंदींसाठी चालू ठेवावी. खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) आणि शाळांचे प्रवेश-निर्गम यांची गावनिहाय, आडनावनिहाय सूची करावी आणि फसली सालासमोर इसवी सन लिहावे. एकदा सापडलेली नोंद पुन्हा शोधावी लागू नये. आज थोरल्या भावासाठी सापडलेले पान धाकट्यासाठी पुन्हा दप्तराचे रुमाल सोडून शोधले जाते.

जूनची गर्दी निम्म्याने तरी टाळता येते. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे तो एप्रिलनंतरच काढावा लागणार. जात आणि वय-अधिवास यांना तो जाच नाही, ते एकदाच काढायचे. तरी सगळे एकाच वेळी जूनमध्ये येतात. नववी आणि अकरावीच्या मुलांचे हे दोन दाखले शाळेत शिबिर भरवून आधीच काढावेत. इथे मात्र राज्याचे एकच परिपत्रक कामाचे नाही. बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या तालुक्यांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात शिबिर घेतले तर सर्वांत गरजू मूलच सापडणार नाही. तिथे शिबिर सप्टेंबरात झाले पाहिजे. बाकी ठिकाणी जानेवारी चालेल.

हे कुठे फसते तेही सांगणे भाग आहे. पहिल्या आठवड्यात कपाटे रंगवली जातात, भिंतीवर जपानी शब्द लागतात, फोटो निघतात. दुसऱ्या महिन्यात फलकावरचा आकडा शिळा होतो, कारण तो कोणी विचारत नाही. तालुक्यांची क्रमवारी जाहीर केली की अवघड अर्ज नामंजूर करून आकडा सुधारला जातो. अधिकाऱ्याची बदली झाली की पद्धतही जाते, कारण ती कागदावर उतरलेली नसते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, आढाव्यासाठी नवा अहवाल मागवला जातो आणि तो भरायला त्याच सहायकाचे दोन तास जातात. कृपा करून नवा अहवाल मागवू नये.

आमची मागणी मोठी नाही. दोन तालुके निवडावेत, एक शहराला लागून आणि एक किनवटसारखा लांबचा. दाखला एकच, उत्पन्नाचा. मुदत ९० दिवस. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त पाहावे : तहसीलदारांनी स्वतः पन्नास अर्जांमागे टेबलाटेबलाने जावे आणि प्रत्येक अर्ज कधी आला, कधी उचलला गेला, एवढेच लिहावे. नंतर वरचे बदल एकेक करून लावावेत. सगळे एकदम लावले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. त्रुटीत परत गेलेला अर्ज निकाली धरू नये. पहिल्या अर्जाच्या तारखेपासून दाखला हातात पडेपर्यंतचे दिवस मोजावेत. रोज सकाळी दहा वाजता दहा मिनिटे, उभ्यानेच, कालची आवक, निकाली आणि अडलेले अर्ज एवढ्यावर बोलावे.

तहसीलच्या दारात एक पांढरा फलक लावावा. त्यावर सरासरी लिहू नये. नव्वद अर्ज दोन दिवसांत निघाले आणि दहा अर्ज चाळीस दिवस पडून राहिले तरी सरासरी सहा दिवसांच्या आत दिसते. सर्वांत जुना अर्ज किती दिवसांचा आहे आणि तो आज कोणत्या टेबलावर आहे, एवढेच रोज सकाळी लिहावे.

आपले,
प्रक्रिया-सुधारणेच्या क्षेत्रात काम करणारे मराठवाड्यातील काही जण