फिरता रेणू आणि 128 किलोबिट

प्रिय बंडू,

चार महिने झाले, पत्र नाही की फोन नाही. रागावला असशील, तो तुझा हक्कच आहे. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात आहे. कारण वेगळं आहे: सिलिकॉन ग्राफिक्सची ती जुनी मशीन, इंडी, सुरू झाली! बॅटरी मेल्यामुळे तिचा इथरनेट पत्ता पुसला गेला होता, तो तिच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये (प्रॉम) पुन्हा घातला. पुढच्या शनिवारी मुलांसमोर तोच संगणकाने काढलेला फिरता रेणू, व्हिक या त्याच व्हिडिओ पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधून, पूर्वीसारखा सेकंदाला 128 किलोबिटमध्ये पाठवायचाय. सरही येणार आहेत. चित्र फाटू नये, एवढीच काळजी आहे, आणि ती झोपू देत नाही.

एमबोनच्या, म्हणजे इंटरनेटवरून एकाच वेळी अनेकांना चित्र पाठवणाऱ्या त्या जुन्या जाळ्याच्या दिवसांत तू म्हणायचास, "लाइनला दोष देऊ नकोस, तू ग्राफिक्सला कॅमेऱ्याचं चित्र समजतोयस." मी किती भांडलो होतो! पण तुझंच खरं होतं रे. मॅकॅन आणि जेकबसन यांचा व्हिक बदललेले ठोकळेच पाठवतो. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाचे ओठ हलतात, मागची भिंत तशीच राहते, म्हणून 128 मध्ये भागतं. रेणू फिरला की सगळंच हलतं. 352 बाय 288 पिक्सेलच्या चित्रात 16 बाय 16 चे 396 ठोकळे. सेकंदाला चारच फ्रेम धरल्या तरी ठोकळ्यामागे 80 बिट, म्हणजे दहा बाइट. त्यात उजेडाचे चार आणि रंगाचे दोन भाग कोंबायचे!

म्हणून मागचा भाग सपाट काळा ठेवलाय आणि रेणू 176 बाय 144 मध्येच फिरवतोय. बरोबर मध्यावर ठेवला तर तो 120 ठोकळ्यांना शिवतो. डावीकडून 80 आणि वरून 64 पिक्सेलवर सुरू केला की 99 मध्येच बसतो, आणि ठोकळ्यामागे सव्वातीनशे बिट मिळतात. काल हे पाहिलं आणि पहिली तुझी आठवण आली.

बिटांचा दुसरा चोर डिदरिंग. इंडीचं 24 बिटांचं ग्राफिक्स डबल बफर केलं (एक चित्र दिसत असताना पुढचं मागे काढलं) की प्रत्येक बफरला 12 बिटच उरतात, आणि उरलेल्या छटा ती ठिपक्यांनी भरते. ते बारीक ठिपके डीसीटीला, म्हणजे ठोकळे कमी बिटांत बसवणाऱ्या गणिताला, फार महाग पडतात. ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीत डिदर बंद केलं. आता गोळ्यांवर रंगांच्या पायऱ्या दिसतात, पण त्या स्वस्तात जातात. सिंगल बफरवर 24 बिट मिळतात खरे, पण मग अर्धवट काढलेलं चित्र पकडलं जातं. ते नकोच.

निळ्यावर लाल बंध दिसत नव्हते, आठवतं? व्हिडिओ लहान करण्याची एच.261 पद्धत रंग अर्ध्या रेझोल्यूशनवर ठेवते, आणि त्या दोन्ही रंगांचा उजेड कमीच. बंध आता तीन पिक्सेल जाड आणि फिक्कट पिवळे केलेत. रॉन फ्रेडरिकच्या एनव्ही या दुसऱ्या व्हिडिओ प्रोग्रॅमवरून आपण आठवडाभर अबोला धरला होता, तेही आठवलं. त्याच्या हार ट्रान्सफॉर्ममध्ये (डीसीटीऐवजीचं गणित) कडा स्वच्छ राहतात हे तुझं म्हणणं मान्य, पण बिट जास्त लागतात हे माझंही मान्य कर. सर म्हणायचे, "चित्र नंतर येऊ दे, चहा आधी येऊ दे."

खरी धास्ती वेगळीच. आताच्या बऱ्याच स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग असतं: चित्र कोणाला हवंय हे ऐकून फक्त त्यालाच पाठवायचं. विचारपूस करणारा क्वेरियर नेटवर्कवर नसला की सभासदाची नोंद सहसा 260 सेकंदांनी मरते आणि चित्र थांबतं. सगळ्यांना वाटेल व्हिक बिघडला. ती विचारपूस करणारा मल्टिकास्ट राउटर इथे नाही. स्नूपिंग बंद करायचं तर पासवर्ड दुसऱ्याकडे, आणि तो सुट्टीवर.

आणखी एक: व्हिक स्क्रीनचा चौकोन जसाच्या तसा उचलतो, वर दुसरी खिडकी आली की तीच सगळ्यांना दिसते. मुलांना माउसला हात लावू देणार नाही.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे धाकट्याकडून कळलं, फार बरं वाटलं. घराचं काम संपलं का? लेकीच्या निकालाचं कळव.

आणि तुझ्या माळ्यावरचा तो आठ पोर्टांचा 10 मेगाबिटचा हब चालतोय का ते आजच बघ. तो आलेलं सगळं सगळीकडे फेकतो, त्याला स्नूपिंगची कटकटच नाही. गुरुवारपर्यंत कुरिअरने पाठव. अडॅप्टर विसरू नकोस.

तुझा,
अप्पा