मुख्यमंत्री महोदय, एकदा मुंबई वगळून आकडे मागा

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

खरीप तोंडावर आला की राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक होते, पीककर्जावरून बँकांना तंबी मिळते, दुसऱ्या दिवशी मथळे येतात. मी मराठवाड्यातल्या ग्रामीण शाखांत नोकरी करून निवृत्त झालो. तंबीनंतर शाखेत काय चालतं, ते टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

आमच्याकडे त्याला 'नवं-जुनं' म्हणतात. मुदतीत कर्ज भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत व्याज शून्य. चांगली योजना आहे. पण मार्चअखेर शेतकऱ्याच्या हातात पैसा कुठून असणार? तो आडत्याकडून नाहीतर सावकाराकडून आठ दिवसांसाठी रक्कम उचलतो, खातं निल करतो आणि नवं कर्ज जमा झालं की ती जशीच्या तशी परत नेऊन देतो. वर सावकाराचं आठ दिवसांचं व्याज. एकदा एक म्हातारे गृहस्थ भरणा करत होते आणि सावकाराचा माणूस बाहेर मोटारसायकलवर बसून काचेतून आत बघत होता. बँकेच्या दप्तरी वसुली झाली, वाटपही झालं. शिवारात नवा रुपया आला नाही. मीही ते वाटप उद्दिष्टात धरून वर पाठवलं, हे कबूल करतो.

हे उद्दिष्ट येतं जिल्ह्याच्या पतआराखड्यातून, म्हणजे वर्षभरात कुठे किती कर्ज द्यायचं याच्या योजनेतून. ही कल्पना मुळात आपल्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांची. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणी समितीचे ते सदस्य होते. खेड्यातल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा १०० रुपयांत जेमतेम ३ रुपये, हे त्या पाहणीत निघालं. प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच, त्यामुळे शेतकऱ्याची पत त्यांना नुसती कागदावरून ठाऊक नव्हती. १९६९ मध्ये त्यांच्या अभ्यासगटाने सुचवलं की बँकांनी एकेक भाग धरावा, तिथली गरज मोजावी आणि मग कर्ज द्यावं. त्याच वर्षी डिसेंबरात अग्रणी बँक योजना आली, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे. आज गरज मोजायची राहिली आणि उद्दिष्ट तेवढं उरलं.

शाखांचा उपयोग होतो का, यावरही अभ्यास झाला आहे. १९७७ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेचा नियम होता: बँक असलेल्या गावी एक शाखा काढायची, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी काढा. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं की या विस्तारामुळे ग्रामीण दारिद्र्य घटलं. त्या कर्जांची थकबाकी प्रचंड होती, तेही खरं. पण थकबाकीच्या भीतीने आम्ही पुढे गावाला नकार द्यायलाच शिकलो. 'तुमचं गाव आमच्याकडे दत्तक नाही' हे वाक्य अजून ऐकू येतं. ठरावीक गावं ठरावीक शाखेनेच सांभाळायची, हे दत्तक गावाचं बंधन सरकारी योजना सोडता २००४ मध्येच उठलं आहे!

आता मुद्द्याचं. राज्याचं कर्ज-ठेव प्रमाण, म्हणजे १०० रुपयांच्या ठेवींमागे दिलेलं कर्ज, गुटगुटीत दिसतं, कारण कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत आणि त्यांची कर्जंही मुंबईच्या शाखांत नोंदलेली. कारखाना कुठेही असो. या सरासरीत हिंगोली, नंदुरबार, गडचिरोली दिसतच नाहीत. रिझर्व्ह बँक जिल्हावार ठेवी आणि कर्जं दर तिमाहीला प्रसिद्ध करते, म्हणजे आकडे शोधायला कुठे जायला नको. प्रमाण ४० टक्क्यांखाली गेलेल्या जिल्ह्यासाठी खास उपसमिती नेमायची असते. ती बसते का, हे एकदा विचारा.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोनच तक्ते मागा. पहिला, मुंबई शहर आणि उपनगर वगळून प्रत्येक जिल्ह्याचं कर्ज-ठेव प्रमाण. दुसरा, पीककर्जाच्या वाटपात नवं-जुनं किती, वाढीव मर्यादेचं किती आणि पहिल्यांदाच कर्ज घेणारे शेतकरी किती. दुसरा तक्ता तयार नाही, असं अधिकारी म्हणतील. शाखेच्या संगणकात प्रत्येक खात्याची तारीख असते. जुनं खातं बंद झाल्याची आणि नवं उघडल्याची. आठवडाभराचं काम आहे.

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी