आरवला खेळायला पाठवायच्या आधी विचाराच

प्रिय आई, बाबा,

इकडं सगळं ठीक. पऱ्हाटी कमरेला लागली, गाय परवा व्याली, गोऱ्हा झाला. आई, काल कॉलवर तू तिकडं अमेरिकेत दादाच्या आरवच्या शाळेत गोळीबार झाला तर लपायची प्रॅक्टिस घेतात म्हणून रडायला लागली अन् तेवढ्यात नेटवर्क गेलं, म्हणून आता बसून टाइप करून राहिलो. बाबाचा चष्मा तुटला म्हणे, तर त्यांना वाचून दाखव.

शाळेतलं टीव्हीवर दिसते म्हणून आपल्याला तेच भेव. पण तिकडं २०२१ मध्ये बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्याच हातानं. २०२० पासून तर १ ते १९ वयाच्या पोरांत गाडीच्या अपघाताहून जास्त मरणं बंदुकीनं झाली. २०२४ च्या जूनमध्ये तिथले तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सगळ्यात मोठे डॉक्टर, विवेक मूर्ती (आईवडील कर्नाटकातले) यांनी हे सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हणून जाहीर केलं. बाबा म्हणतील, हे पोलिसाचं काम, डॉक्टरचं काय त्यात? बाबा, डेंग्यू आला की आम्ही आरोग्य सेवक पेशंटले शिव्या देतो का, टाकी रिकामी करायला लावतो ना, तसंच आहे हे. माणसाची वाईट घडी येते, बरेचदा लवकर निघूनही जाते, तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं. आणि लेकराच्या बाबतीत तर घडी-बिडी काही नाही, नुसतं कुतूहल.

म्हणून आरव दोस्ताच्या घरी खेळायला निघाला की दादानं आधी विचारायचं, घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवता का. तिकडचे लेकरांचे डॉक्टरही हेच विचारा म्हणतात. वहिनी म्हणे, असं कसं विचारू, त्यांना राग येईल. येऊ दे.

आता मी काय मोठा शहाणा नाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवा म्हणून घरोघरी सांगत हिंडतो, २०१७ ला यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली तेव्हापासून तर जास्तच, आणि आपल्याच घरात डबा माजघरात, ज्वारीच्या कोठीमागं. मागच्या रविवारी छकुली भातुकली मांडून बसली होती, मले म्हणे बाबा चहा घ्या, हातात औषध मोजायचं झाकण. पाणी होतं त्यात, पण वास गेला नव्हता. हातपाय धुतले तिचे साबणानं, दोनदा, ती हसून राहिली होती, मले पाचेक मिनिटं बोलताच आलं नाही.

मग वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पेटी करून घेतली, कोठ्यात भिंतीले ठोकली. शेजारचे काका म्हणे, काहून रे, सोनं ठेवतं का?

बाबा, अजून एक. मागच्या दिवाळीत बँकेची नोटीस आली, तुम्ही चार दिवस धड जेवले नाही, रात्री ओट्यावर बसून राहत होते. मी तेव्हा डबा उचलून वावरातल्या झोपडीत नेऊन ठेवला होता. तुम्ही विचारलं, डबा कुठं गेला, मी म्हटलं संपला. खरं तर मलेच तुम्हाला विचारायचं होतं, मनात काय चाललं आहे म्हणून, पण जीभ उचललीच नाही. तुम्ही आले की विचारतो.

पेटीची चाबी माझ्याजवळ आहे. दुसरी काकांकडं. तुम्हाला देणार नाही, चिडले तरी.

चष्मा तिकडं करू नका, फार महाग पडते. दादाले सांगा आरवले दोन शब्द मराठी शिकव.

तुमचा,
बाळू