टोलमाफीची भरपाई आणि बसचे भाडे

महोदय,

मुंबईच्या वेशीवरील पाच टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल माफ झाला. शहरातील उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी लावलेला हा टोल मोटारीला शेवटी ४५ रुपये पडत असे. तो माफ केला तरी बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई करावीच लागते, आणि ती राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी मोटार घेतली नाही त्यांच्याही करांतून होते. पुढे सातच महिन्यांत, ९ मे २०२५ पासून, बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये आणि वातानुकूलित बसचे ६ रुपयांवरून १२ रुपये झाले. पहिला निर्णय राज्य सरकारचा आणि दुसरा महापालिकेच्या उपक्रमाचा, हे मला मान्य आहे. पण रोज मुलुंडहून बसने जाणाऱ्या माझ्यासारख्याला दोन्हींचा भार एकाच खिशातून उचलावा लागतो.

बेस्टची बस केवळ तिकिटाच्या पैशांवर चालू शकत नाही, हे नवे नाही. उपक्रमाच्या वीजपुरवठा विभागाची शिल्लक पूर्वी परिवहन विभागाची तूट भरून काढत असे. वीज कायदा, २००३ आल्यानंतर ही सोय अडचणीत आली; काही वर्षे वीजबिलातच या तुटीपोटी वेगळा आकार लावला गेला, आणि प्रवाशांचा भार वीजग्राहकांनी का सोसावा, हा रास्त प्रश्न उभा राहून तोही बंद झाला. त्याच्या जागी दुसरा कायमचा आधार मात्र कोणी उभा केला नाही. परिणामी बेस्टला दरवर्षी महापालिकेच्या अर्थसंकल्पातील तरतुदीकडे डोळे लावून बसावे लागते आणि निवृत्त कर्मचारी हक्काच्या ग्रॅच्युइटीसाठी ताटकळत राहतात.

लंडनमध्ये २००३ पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींकडून शुल्क घेतले जाते आणि त्याचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायदेशीर बंधन आहे. मुंबईत गोळा होणाऱ्या मोटार वाहन कराचा आणि पार्किंग शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने बेस्टला मिळावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. तोवर राज्य सरकारने निदान येत्या अर्थसंकल्पात टोलमाफीपोटी दिलेली भरपाई आणि मुंबईच्या बससेवेसाठी दिलेली रक्कम शेजारीशेजारी छापावी.

– एक बसप्रवासी, मुलुंड (पूर्व), मुंबई