उडत्या तबकडीचं नंतर बघू, आधी वेळ आणि दिशा लिहा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर बातमी होती, साताऱ्याच्या आकाशात उडत्या तबकड्यांची रांग, आणि खाली मोबाईलवर काढलेला धूसर फोटो. बातमी दोनदा वाचली. किती वाजता दिसलं ते नाही, कुठल्या दिशेला दिसलं ते नाही, कुठून कुठं गेलं ते पण नाही, "गावात भीतीचं वातावरण" एवढं मात्र ठळक अक्षरात. मी आर्मी एअर डिफेन्समधून रिटायर झालोय, आमचं कामच आभाळाकडं नजर ठेवायचं, त्यामुळं राहवलं नाही.

फौजेत आभाळात अनोळखी काय दिसलं की ते काय असेल यावर गप्पा मारत बसत नाहीत, आधी रिपोर्ट जातो. वेळ, आपण कुठं उभे होतो, दिशा, क्षितिजापासून किती वर, किती नग, आवाज होता का, किती वेळ दिसलं आणि कसं दिसेनासं झालं. अमेरिकन एअर फोर्सचा 1954 चा एक नियम होता, एएफआर 200-2, त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो: हात लांब करून धरलं तर ती वस्तू कशाएवढी दिसली, टाचणीच्या डोक्याएवढी, वाटाण्याएवढी, नाण्याएवढी का बेसबॉलएवढी? अंधारात लांबची वस्तू किती फुटाची हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, पण रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी दिसली का बारकी हे शाळेतलं पोरगं पण सांगतं. असे रिपोर्ट गोळा करून त्यांनी 1947 ते 1969 मध्ये 12,618 केसेस तपासल्या, 1952 पासून त्या कामाला प्रोजेक्ट ब्लू बुक म्हणायचे, आणि 701 सोडून बाकी सगळ्यांचा कायतरी उलगडा लावला, तारे, ग्रह, फुगे, विमानं असलंच. त्यांची एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही, ओळख पटली तरच पेपरवाल्यांना सांगायचं, नाहीतर गप्प, असा त्या नियमात हुकूम होता. लपवलं की लोक जास्तच संशय घेणार ना. फ्रान्सचं बरं आहे, तिथं साधे पोलीस जबाब घेतात, त्यांच्या अंतराळ संस्थेचा विभाग तपासतो आणि फायली सगळ्यांना बघायला ठेवतो.

आपल्याकडचं उदाहरण सांगतो. 2012-13 ला लडाखमध्ये आपल्या जवानांनी सहा महिन्यात 329 वेळा आभाळात चमकणाऱ्या वस्तू नोंदवल्या, चीनचे ड्रोन असतील असा संशय होता. मग खगोलशास्त्रज्ञांना विचारलं तर ते गुरू आणि शुक्र निघाले! यावर काहीजण जवानांना हसले, मला त्याचा राग येतो. अहो त्या थंडीत उभं राहून पोरांनी दरवेळी नोंद केली म्हणून तर शास्त्रज्ञांना ताडून बघायला काहीतरी हातात मिळालं. आणि 19 नोव्हेंबर 2023 ला इंफाळ विमानतळावर भरदुपारी काहीतरी उडताना दिसलं, विमानांची ये-जा थांबवली, एअर फोर्सने शोध घेतला, काही सापडलं नाही, तेव्हा ती वस्तू नंतर दिसली नाही असं त्यांनी सरळ जाहीर केलं. तबकडी होती असं पण नाही आणि काहीच नव्हतं असं पण नाही.

तुमच्या बातमीतली रांग मला तरी इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या सॅटेलाईटची वाटते, सोडल्यावर पहिले काही दिवस ते एकामागं एक जातात आणि अंधार पडल्यावर नाहीतर पहाटे वर सूर्याचा उजेड पडून चमकतात. पण वेळ आणि दिशा नसताना छातीठोकपणे सांगणार कसं? दुसरं काही असेल तर ते पण कळायला पाहिजे. एप्रिल 2022 ला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं रॉकेटची मोठी धातूची रिंग खरंच गावात येऊन पडली होती, तेव्हा असल्या गोष्टी थट्टेवारी नेऊ नयेत.

आमच्या भागातली दोन पोरं त्या रात्री पोलीस ठाण्यात सांगायला गेली तर त्यांना घरी जाऊन झोपा म्हणून परत पाठवलं, साधी नोंद नाही. उद्या खरंच कुणाचा ड्रोन फिरत असला तर? चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे धुक्यात बघून पण लोक फोन करतात, करू देत की, एका ओळीची नोंद करायला काय जातंय.

माझी मागणी एवढीच की कलेक्टर ऑफिसने एका पानाचा मराठी फॉर्म काढून पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत ठेवावा. साताऱ्यात गावोगाव माजी सैनिक आहेत, भरून घ्यायला ते मदत करतील, फॉर्मचा मसुदा मी स्वतः लिहून द्यायला तयार आहे. आणि तुमच्या बातमीदाराला परत त्या गावात पाठवा, ज्याने फोटो काढला त्याच्याच मोबाईलमधला ओरिजिनल फोटो बघायला सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला नको. त्यात वेळ असते, ती छापा.

आपला,
एक माजी सैनिक, ता. जि. सातारा